कानपट्टीचा दिवा

वर्गात "कळलं का?" असं विचारलं की "हो बाई" असं एका सुरात उत्तर येतं. इचलकरंजीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या "हो बाई"वर मी एक दिवसही विश्वास ठेवला नाही. पण ते खोटं ठरवायला हातात काही नव्हतं. आपल्याकडे "नाही कळलं" म्हणणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान. त्यातून तो वयाने मोठा असला तर विचारायलाच नको. डॉक्टर, साहेब, सासरा, बँकेतला अधिकारी, सगळ्यांना आपण "हो" देऊन मोकळे होतो आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतो, "काय म्हणाले गं ते?"

निवृत्त झाल्यावर मी परदेशी जाणाऱ्या नर्सेससाठी इंग्रजी ऐकण्याचा वर्ग काढला. बोलणं, लिहिणं आमच्या मुलींना जमतं. ऐकताना त्यांची दांडी उडते, कारण पुस्तकातलं इंग्रजी तिकडे कुणी बोलतच नाही. त्याच सुमाराला बाजारात कानपट्टी आली.

कंपनीने तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण आमच्या गावात ते आठवडाभरही टिकलं नाही. कानामागून जाऊन मानेवर टेकणारी ती मऊ पट्टी होती आणि कानाच्या पाळीखाली तिला मुगाएवढा निळा दिवा होता. घालणाऱ्याला तो दिसत नसे, समोरच्याला दिसे.

तिचं काम समजायला अवघड नाही. ऐकताना मेंदू नुसता ऐकत बसत नाही, पुढे काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. "चहात साखर" एवढं कानावर पडलं की "घाल" किंवा "कमी" यांपैकी काहीतरी त्याने आधीच काढून ठेवलेलं असतं. आलेला शब्द त्या अंदाजात बसला तर काम सुरळीत चालतं. नाही बसला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत डोक्यावरच्या विद्युतदाबात एक बारीकसा खळगा पडतो. वाक्याचा एकूण अर्थच लागत नसेल, तर त्यामागोमाग दुसरी एक लाट उठते. शास्त्रज्ञांना हे विसाव्या शतकापासून माहीत आहे. पण तेव्हा माणसाला तारांची टोपी घालून प्रयोगशाळेत तासन्‌तास बसवावं लागे आणि पुष्कळ वाक्यांची सरासरी काढावी लागे. कानपट्टीने तेच काम एका वाक्यात आणि बाजारात उभ्या असलेल्या माणसावर करून दाखवलं. खळगा पडला किंवा लाट उठली की दिवा लागतो.

कंपनीची कल्पना अशी, की दिवा लागला रे लागला की पट्टीने अनोळखी शब्दाचा अर्थ मराठीत कानात सांगावा. मी ती कुजबुज पहिल्याच महिन्यात बंद करून टाकली. एक तर अर्थ ऐकेपर्यंत पुढचं वाक्य निघून जाई. दुसरं म्हणजे आयता अर्थ मिळायला लागला की मेंदू अंदाज बांधायचा कंटाळा करतो. वर्षभर कुजबुजीवर जगलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची पट्टी काढली तर ती पहिल्या दिवसाइतकीच कोरी होती. म्हणून माझ्याकडे कुजबुज बंद, दिवा चालू. दिवा लागला की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि पुन्हा ऐकायचं. कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय झालं, आवाज चढलाय की उतरलाय, हे सगळं बघून अर्थ आपणच सांगायचा. चुकला तर चुकला.

पहिल्या दिवशी मी आयर्लंडमधल्या एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं लावलं आणि सवयीने विचारलं, "कळलं का?"

"हो बाई," वर्ग म्हणाला, आणि झाडून सगळ्यांच्या कानाखाली निळे दिवे लागलेले होते.

मी हसले नाही, पण इतक्या वर्षांची उधारी वसूल झाल्यासारखं मला वाटलं, हे कबूल करते.

पुढे हे यंत्र इंग्रजीपुरतं राहिलं नाही. दिवा भाषा बघत नाही. मोठ्या दवाखान्यांत ऑपरेशनपूर्वी पेशंटला सगळं समजावून सांगताना पट्टी घालायला लागले, आणि दिवा विझेपर्यंत सही घ्यायची नाही असा दंडक आला. त्यामुळे डॉक्टर लोक प्रथमच सरळ मराठी बोलायला शिकले. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी पट्टी आणली म्हणून एका घरात बाचाबाची झाली. एका पुढाऱ्याच्या सभेत पहिल्या रांगेला पट्ट्या घातल्या होत्या. भाषण संपेपर्यंत एकही दिवा लागला नाही, म्हणून पुढारी खूश झाले. लोक ऐकतच नव्हते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दिवा न लागण्याची ही दुसरी तऱ्हा तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आलेली नव्हती.

रोहिणी मगदूम माझ्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. चाळिशी उलटलेली, इथल्याच एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करून करून वाकलेली. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेलेली. नवरा शांतिनाथ पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. जुने माग भंगारात गेले आणि नवे माग स्वतःचा बिघाड स्वतःच सांगायला लागले, तेव्हापासून तो घरी होता. दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा.

रोहिणी तोंडाची फटकळ आणि बोलायची भारी हौस. पण इंग्रजीत शिरली की तिचंही "येस येस" सुरू व्हायचं. माझ्या वर्गात प्रत्येकीला आठवड्यातून एकदा आयर्लंडमधल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी फोनवर गप्पा मारायच्या असत. तिकडच्या एका संस्थेने ही सोय करून दिली होती. त्या म्हाताऱ्यांना कुणीतरी बोलायला हवं असे, आम्हाला कुणीतरी ऐकायला. रोहिणीच्या वाट्याला कॉर्कजवळच्या खेड्यातल्या नोरा टुमी आल्या. पहिल्याच फोनला नोराबाई म्हणाल्या की माझी मुलगी काल आली होती, आणि सगळा वेळ ती गिव्हिंग आउट, गिव्हिंग आउट.

रोहिणीच्या कानाखाली दिवा ढणढणीत लागला. मी तिला खूण केली, विचार म्हणून. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"येस, येस," ती म्हणाली. "व्हेरी गुड डॉटर. यू आर व्हेरी लकी."

पलीकडे नोराबाईंनी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला.

"मुलगी काय काय वाटत होती म्हणे, बाई," रोहिणी म्हणाली. "दानधर्म करणारी असंल."

मी तिला तेच बोलणं पुन्हा ऐकवलं. तिसऱ्या वेळी ती पुढे वाकली. "थांबा हं. म्हातारीचा आवाज पडलाय. आणि नंतर म्हणतीया, तिची चूक न्हाई, ती दमलेली असती." तिने कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई! पोरगी आईला बोलत हुती व्हय! नुस्ती तोंड सोडून बोलत हुती. आणि मी म्हटलं, लकी!"

"गिव्हिंग आउट म्हणजे तिकडे रागावणं, ओरडणं," मी म्हणाले. "आता कळलं तुला. पण फोनवर का नाही विचारलंस?"

"मोठ्या माणसाला कसं विचारायचं, बाई? ती सांगतीया, आपण म्हणायचं कळलं न्हाई? बरं दिसतं का?"

"आणि जे झालं ते बरं दिसलं?"

ती दोन दिवस खिन्न होती. पण पुढच्या फोनला तिने पहिल्यांदा नोराबाईंची माफी मागितली, आणि नंतर दिवा लागला की न चुकता विचारायला लागली, "व्हॉट डू यू मीन बाय दॅट, मिसेस टुमी?" नोराबाईंना त्याचा राग येणं दूरच, त्यांना मजा वाटायला लागली. इतकी वर्षं त्यांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. रोहिणी नर्स होती. माणसाकडे बघून त्याचं दुखणं ओळखायची तिला सवय होती. तीच सवय तिने कानांना लावली. 'आय डोंट माइंड इफ आय डू' याचा अर्थ 'द्या की थोडं' असा आहे, हे तिने कपबशीचा आवाज ऐकून ओळखलं. पावसाळा संपेपर्यंत तिचा दिवा क्वचित लागू लागला. परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली, आणि कॉर्कमधल्या एका वृद्धाश्रमाने तिला नोकरी देऊ केली.

एक प्रश्न तेवढा शिल्लक होता. एकटी येणार की जोडीने? राहायची जागा आणि परवाना दोन्ही त्यावर ठरणार होतं, आणि एकदा सांगितलं की बदलायला पुढे काही वर्षं वाव नव्हता. तिकडच्या बाई शुक्रवारी दुपारी फोन करून उत्तर विचारणार होत्या.

बुधवारी रोहिणी वर्ग सुटल्यावर थांबली. पिशवीतून कानपट्टी काढून तिने टेबलावर ठेवली.

"ही पट्टी खराब हाय का बघा, बाई."

मी तपासली. पट्टी ठणठणीत होती.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "मी सरावाला घरी नेती न्हवं का ही. एक दिवस गंमत म्हणून ह्यांना घातली. म्हटलं बघू, आपलं बोलणं किती कळतंय. दवाखान्यातलं सांगितलं. जावेचं सांगितलं. आयर्लंडचं सांगितलं. एकदा तरी दिवा लागावा की न्हाई? न्हाई. आठवडा झाला बाई, रोज घालती. मी बोलती, हे एकदा मान हलवत्यात, आणि दिवा आपला गप्प."

मला पुढाऱ्याची सभा आठवली. तिला मी स्वतःच ती गोष्ट वर्गात हसत सांगितली होती.

"लग्नाला पंचवीस वर्षं होत आली," रोहिणी म्हणाली. "दारू न्हाई, मारहाण न्हाई, माणूस वाईट न्हाई. पण घरात दुसरं कोण हाय असं वाटलंच न्हाई कधी. मी बोलायचं आणि त्यांनी मान हलवायची. मला वाटायचं, ऐकत तरी असतील. आता यंत्रच सांगतंय." तिने नाक पुसलं. "मी ठरवलंय. एकटी जाणार. आणि खरं सांगू, गेली की परत यायची न्हाई. पैसे पाठवीन. मनाला लावून घेणारे न्हाईत ते. त्यांना कळायचंबी न्हाई मी न्हाई ते."

दुसऱ्यांच्या संसारात डोकावायची मला हौस नाही. पण चुकीचं शास्त्र माझ्याच्याने ऐकवत नाही, तो माझा जुना रोग आहे.

"रोहिणी, दिवा न लागायची कारणं दोन आहेत," मी म्हणाले. "एक तू म्हणतेस ते. माणूस ऐकतच नसेल तर मेंदू अंदाज बांधत नाही, आणि अंदाज नाही तर तो चुकतही नाही. दुसरं कारण बरोबर उलटं आहे. माणूस नीट ऐकतोय, पण समोरची व्यक्ती काय बोलणार हे त्याला इतकं पाठ आहे की त्याचा अंदाज चुकतच नाही. दोन्हीकडे दिवा लागत नाही."

"मग ह्यांचं कुठलं?"

"ते नुसतं दिव्यावरून सांगता येत नाही. पण काढता येतं. तू बोलता बोलता मध्येच एखादं अर्थ नसलेलं वाक्य टाकायचं. ऐकत नसेल तर तेही तसंच निघून जाईल. ऐकत असेल तर दिवा लागलाच पाहिजे. त्यांना इथे घेऊन ये. माझ्याकडे पडद्यावर आलेखही दिसतो."

"आणि दिवा लागला तर?"

"तर पंचवीस वर्षं त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलंय," मी म्हणाले. हे बोलताना मला जरा बरंच वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी ती दोघं आली. शांतिनाथ मगदूम उंच, किडकिडीत, धुतलेल्या पांढऱ्या शर्टातला माणूस. मी "बसा" म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघून त्याने एकदा मान हलवली आणि बसला. "चहा घेणार?" म्हटलं, पुन्हा एकदा मान. उत्तर म्हणून शब्द नाही.

"बघितलंत?" रोहिणी म्हणाली. तिची स्वतःची पट्टी कानामागे होतीच. आयर्लंडचा फोन येणार म्हणून ती सकाळपासून ऐकण्याचा सराव करत होती.

मी दुसरी पट्टी त्याला घातली आणि आधी मीच बोलले. शाळेच्या इमारतीला नवीन रंग दिलाय तो कसा भयंकर आहे, याबद्दल काहीबाही सांगितलं. दिवा तीनचारदा लागला आणि विझला. म्हणजे कान ठीक, पट्टी ठीक, आणि गृहस्थ माझं तरी ऐकत होते. मी रोहिणीला खूण केली.

ती त्याच्यासमोर बसून नेहमीसारखी बोलायला लागली. दवाखान्यात नवी मेट्रन आलीय ती कशी खडूस आहे. जावेने पुन्हा निरोप पाठवलाय. बेळगावहून फोन आला होता, जावयाची बदली होतेय. तो तिच्या ओठांकडे बघत होता. पडद्यावरची रेघ सपाट होती. मधेच त्याच सुरात ती म्हणाली, "म्हणून मी सकाळी भाकरीला साबण लावून खाल्ली."

दिवा लागला.

"साबण?" शांतिनाथ म्हणाला.

रोहिणीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आलेखावर खळगा चांगला खोल पडला होता, पाठ्यपुस्तकात छापावा इतका.

"ऐकता व्हय तुम्ही?" ती त्याला म्हणाली. आवाज चढलेला होता, पण रागाने नव्हे. "मग आजपर्यंत नुस्ती मान का हलवत आलाय?"

तो गोंधळला. मग माझ्याकडे वळून सांगायला लागला, मीच विचारलं असावं तसा. "बाई, कारखान्यात बोललेलं ऐकू येत न्हाई. माग चालू असत्यात. समोरच्याच्या ओठाकडं बघायचं आणि कळलं की एकदा मान हलवायची. उत्तर द्यायला घसा फाडाय लागतो, म्हणून कोण देत न्हाई. पण न कळता मान हलवायची न्हाई. मी मान हलवली की पलीकडचा माणूस माग सुरू करणार, आणि मला नीट कळलेलंच नसलं तर कुणाचा तरी हात जायचा आत." त्याने रोहिणीकडे बोट केलं. "हिचं मी ऐकलेलं असतंय. म्हणून हलवतो."

मी आयुष्यभर खोट्या होकारांशी झगडले, आणि हा माणूस खरा होकार देत होता. त्याची बायको तोही आपल्या सगळ्यांच्या "हो बाई"त जमा करून बसली होती. मला त्या दोघांचंही वाईट वाटलं.

इथेच मी प्रयोग थांबवायला हवा होता. पण मी पट्टी काढायला उठेपर्यंत रोहिणी पुढे सरकली होती. तिचा चेहरा निवळला होता आणि तिला आता खरं बोलावंसं वाटत होतं. तसं वाटलं की माणूस थांबत नाही.

"मी सांगितलं हुतं तीन वर्षांनी येती म्हणून," ती म्हणाली. "ते खोटं हुतं. तिकडं गेल्यावर मी परत येणार न्हाई."

मी पडद्याकडे बघितलं. रेघ सपाट होती.

त्याचा दिवा लागला नव्हता, आणि ते तिलाही समोर दिसत होतं. तो ऐकतोय हे आता सिद्ध झालेलं होतं. त्यामुळे या सपाट रेघेचा अर्थ एकच उरत होता. हे वाक्य त्याला नवीन नव्हतं. त्याचं ते मनात स्वतःशी कितीतरी वेळा म्हणून झालेलं होतं.

"तुमाला ठावं हुतं?" रोहिणीने विचारलं.

त्याने एकदा मान हलवली.

"कसं? मी कुणालाबी बोलली न्हाई. ह्या बाई सोडून."

"गौरीगणपती झाल्यापासनं तू मला कुकर लावायला शिकवालीस," तो म्हणाला. "डाळीला पाणी किती, शिट्ट्या किती. तीन वर्षांसाठी जाणारी बाई डबा लावून देती. तू कणीक मळाय शिकवलीस."

"मी शिकालोय की," तो म्हणाला. "भात बरा होतोय आता."

इतकी वर्षं मी वाक्यांचे अर्थ शिकवले. पण त्या भाताच्या वाक्यानंतर मी उगाच पडद्याची वायर नीट करायला वाकले.

"एवढं ठावं हुतं तर बोलला का न्हाईत?" रोहिणीचा आवाज फुटला. "एक शब्द तरी बोलायचा! जाऊ नको म्हणायचं. शिव्या घालायच्या."

तो विचार करत राहिला. मागातला बिघाड शोधताना तो असाच थांबत असणार.

"तू बोलत हुतीस," तो शेवटी म्हणाला.

"आणि मी थांबली असती तर?"

"तर विचारलं असतं, मी येऊ का म्हणून."

रोहिणीच्या कानाखाली दिवा लागला. तिला तो दिसत नव्हता. त्याला दिसला, आणि तो जरा दचकला.

"तुमाला यायचंय?" ती म्हणाली. "आयर्लंडला? तुमाला हितल्या हितं हातकणंगल्याला जायचा कंटाळा!"

"हातकणंगल्याला काय हाय?" तो म्हणाला. दिवा पुन्हा लागला. "त्या म्हातारीच्या परसदाराची कडी बसत न्हाई म्हणाली न्हवं का ती. चौकट फुगली असणार पावसानं. रंधा मारला की झालं. तिकडं कोण येतच न्हाई म्हणतीया दुरुस्तीला."

"नोराबाईंची कडी? तुमाला काय ठावं?"

"तू तीनतीनदा लावतीस की रेकॉर्डिंग. मी आतल्या खोलीत असतो. पयल्यांदा काय कळायचं न्हाई. मग म्हातारी कधी हसती, कधी गप बसती, त्यावरनं लागाय लागलं." त्याने माझ्याकडे चोरून बघितलं, विद्यार्थी नसताना वर्गात सापडल्यासारखं. "गिव्हिंग आउटचं मला तुझ्या आधी कळलं हुतं."

दिवा विझतच नव्हता. रोहिणी तोंडावर हात ठेवून बसली होती. तिला हसू येत होतं की रडू, ते मला सांगता येणार नाही, आणि यंत्राला तर मुळीच येणार नाही.

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाई मला?" ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच थांबली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बरं. मी गप बसती. तुम्ही बोला."

ती खरंच गप्प राहिली. तिला ते किती जड जात होतं, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मी आलेखाची नोंद बंद केली. यापुढचं कुणाच्या सर्व्हरवर जायचं कारण नव्हतं.

"कारखाना बंद झाल्यापासनं मला झोप न्हाई," शांतिनाथ म्हणाला. "आवाजाची सवय. घर लई गप वाटतंय. तू रात्रपाळीला गेलीस की मी रेडिओ लावून बघितला, त्यानं काय हुईना. मग तू आलीस, भांडी वाजवलीस, बोलाय लागलीस, की मला डोळा लागतो. म्हणून मी सकाळी झोपतो. तुला वाटत असंल आळशी हाय. तू गेल्यावर काय करायचं, ते मला शिकता येईना. भात आला. हे येईना."

तेवढ्यात टेबलावरचा रोहिणीचा फोन वाजला. त्यावर परदेशी नंबर होता. रोहिणीने तो उचलला, आणि पलीकडच्या बाईंचं स्वच्छ, घाईचं इंग्रजी मलाही ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, गुड न्यूज आहे, सगळं तयार आहे, फक्त तेवढं सांगा, सिंगल की कपल?

रोहिणीची नजर नवऱ्याच्या ओठांवरून हलली नव्हती.

"कॅन आय कॉल यू बॅक, प्लीज?" ती म्हणाली. "माय हजबंड इज टॉकिंग."